भट्टीची चिमूट

टिण्.

दुपारची वेळ होती. भिंगरी माझ्या दंडावर डोकं ठेवून नुकतीच झोपली होती. रस्त्यावरचं खोदकाम जेवणाच्या सुट्टीसाठी थांबलं होतं. त्या शांततेत स्वयंपाकघरातून एवढासा आवाज आला, काचेवर काच टेकल्याचा. दुसऱ्या कुणाच्या कानावरही तो गेला नसता. पण मी त्या आवाजात लहानाची मोठी झाले. आईच्या हातून मिठाच्या बरणीचं झाकण दिवसातून कितीतरी वेळा असं वाजायचं, आणि ते वाजलं की समजायचं, रस्सा उकळला, आता हाक येणार.

क्षणभर मी खरंच हाकेची वाट पाहिली.

मग भान आलं. लेकीचं डोकं हळूच उशीवर सरकवलं आणि उठले. बाबा ओट्यापाशी पाठमोरे उभे होते. बरणी मी सगळ्यात वरच्या फळीवर, न लागणाऱ्या पातेल्यांच्या मागे ठेवली होती. म्हणजे सुजलेल्या पायांनी ते स्टुलावर चढले होते. झाकण त्यांनी परत लावलं होतं, पण एक बोट अजून ओठांशी होतं, लहान मुलाचं असावं तसं.

मी बरणी त्यांच्या हातातून घेतली आणि त्यांनीही मुकाट्यानं दिली.

"चिरली-बिरली नाही ना, बघत होतो," ते म्हणाले. "जुनी काच आहे."

"नाही चिरली, बाबा."

"मग झालं तर."

आणि भिंतीला धरत धरत ते आपल्या खुर्चीकडे गेले.

बरणी त्यांनीच फुंकलेली. ते काचेच्या कारखान्यात होते, भट्टीवर. लांब नळीच्या टोकाला पातळ मधासारखी लाल काच घ्यायची, फिरवत फिरवत फुंकायची, की तिची बाटली होते नाहीतर बरणी. लग्न ठरलं त्या वर्षी कामाची पाळी संपल्यावर उरलेल्या काचेतून त्यांनी आईसाठी ही एक केली. जराशी हिरवट आहे आणि एका बाजूला कललेली. बाबा म्हणायचे, कललेली नाही, लाजलेली आहे. आई म्हणायची, फुंकणाऱ्याचा श्वास कमी पडला, दुसरं काही नाही. हे बोलणं मी इतक्यांदा ऐकलंय की बरणी हातात घेतली की दोघांचे आवाज आपोआप येतात, आधी त्यांचा, मग तिचा.

मागच्या हिवाळ्यात बाबांना रुग्णालयात ठेवावं लागलं. आडवं झालं की श्वास लागायचा, म्हणून ते बसून झोपत होते आणि आम्हाला सांगत नव्हते. पाय इतके सुजले होते की चपलेचा पट्टा आत रुतलेला. डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या. त्यांनी अंगठ्यानं नडगी दाबली आणि बोट उचललं, तर खळगा तसाच राहिला, ओल्या मातीत राहतो तसा. मग त्यांनी मला बाहेर बसवून नीट सांगितलं. मीठ पाण्याला धरून ठेवतं. अंगात मीठ जास्त झालं की पाणी साचतं, रक्तदाब चढतो, आणि हृदयाला तो सगळा भार ढकलत राहावं लागतं. ते वर्षानुवर्षं ढकलतं, तक्रार करत नाही, मग एक दिवस दमतं. बाबांचं दमलं होतं. मूत्रपिंडंही थकली होती. औषधं देऊ म्हणाल्या, पण औषध एका दारानं आणि मीठ दुसऱ्या दारानं आत येत राहिलं तर उपयोग नाही.

"पुन्हा छातीत पाणी झालं तर?" मी विचारलं होतं.

"तर मी आत्ता बोलतेय तितक्या भरवशानं बोलू शकणार नाही," त्या म्हणाल्या.

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. त्यानं हे सगळं आपल्या भाषेत करून घेतलं. लिफ्टमध्ये रोज दोन माणसं जास्त भरली तर मोटर पहिल्या दिवशी जळत नाही, म्हणाला, विसाव्या वर्षी जळते, आणि तेव्हा लोक म्हणतात, कालपर्यंत तर व्यवस्थित चालत होती. बाबांना ते फार पटलं. मोटर जळाली, मोटर जळाली, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, जणू कुणा तिसऱ्याचीच गोष्ट.

त्यांना मी आमच्याकडे आणलं. त्यांच्याबरोबर एक पेटी आली आणि ही बरणी.

आता भट्टीच्या चिमटीविषयी सांगायला हवं.

कारखान्यामागच्या गल्लीत सगळी काचकामगारांचीच घरं होती. भट्टीपाशी इतकं तापायचं की माणूस एका पाळीत सदरा अनेकदा पिळायचा. दारात एक मोठं पिंप असे, मिठाच्या पाण्याचं, आणि त्यावर साखळीनं बांधलेला डाव. येता-जाता घोटभर प्यायचं, नाहीतर पोटऱ्यांना गोळे येत, डोळ्यांपुढे अंधारी येई. घरी येईस्तोवर बाबांच्या पाठीवर सदऱ्याला पांढऱ्या रेघा उमटलेल्या असायच्या. लहानपणी मी त्यांवर जीभ लावून पाहिली होती. खारट.

गल्लीत नवी सून आली की पहिल्याच दिवशी शेजारच्या मोठ्या बायका तिच्या चुलीपाशी येऊन बसायच्या. स्वयंपाक येतो की नाही ते विचारायच्याच नाहीत. शिकवायच्या फक्त एक गोष्ट. एक चिमूट घराची, एक भट्टीची. भट्टी माणसाचं मीठ पिते बाई, ते ताटातून परत द्यायचं. आईलाही असंच शिकवलं. ती मग जन्मभर प्रत्येक भांड्यावर दोनदा हात फिरवायची. झाकण दोनदा वाजायचं. शाळेत माझ्या डब्यातला घास कुणी घेतला की म्हणे, तुमच्याकडे काय समुद्र शिजवतात का? मला मात्र त्यांचे डबे अळणी लागायचे, आणि मैत्रिणींच्या आयांची मला मनापासून कीव यायची.

बाबा निवृत्त झाले, कारखान्याचं धुराडं थंड झालं. सदऱ्यावरच्या रेघा गेल्या. पण भट्टीची चिमूट थांबव, असं आईला सांगायला कुठल्याच मोठ्या बायका आल्या नाहीत. घालायला शिकवणाऱ्या होत्या, थांबवायला शिकवणारी कुणी नव्हती. कुणाला सुचलंच नाही.

आई गेली ती त्याच्याही आधीच्या हिवाळ्यात. सकाळी ताटल्या मांडता मांडता तिच्या हातातून चमचा पडला. उचलायला वाकली तर हात ऐकेना. चेहरा एका बाजूनं उतरला, त्या बरणीसारखा. रुग्णालयातल्या नर्सनं तिचा रक्तदाब मोजला, यंत्राकडे पाहिलं आणि पुन्हा मोजला. याआधी कधी मोजला होता, असं विचारल्यावर आम्ही एकमेकांची तोंडं पाहिली. बाबांचा दर वर्षी कारखान्यात मोजला जायचा. आईचा कोण मोजणार?

तर बाबा आले आणि आमच्या घरातून मीठ गेलं. अगदी गेलं असं नाही. डॉक्टरबाईंनी नेमून दिलेलं तेवढं एका छोट्या चमच्यानं, सगळ्यांच्या भांड्यात मिळून. मी ठरवलं होतं की बाबांचं वेगळं शिजवायचं नाही. एकट्यापुढे अळणी ताटली ठेवली की माणसाला ती शिक्षा वाटते. लोणचं गेलं, चीज गेलं, पाकिटातलं सूप गेलं. पाव आणि बिस्किटांतही मीठ असतं हे तेव्हा कळलं. दुकानात मी पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचत उभी राहायची. मी चष्म्याच्या दुकानात कामाला. सकाळभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावते, आता माझ्यावर वेळ आली. कुणीसं सांगितलं, कमी सोडियमचं मीठ मिळतं, ते वापर. डॉक्टरबाई नको म्हणाल्या. बाबांच्या मूत्रपिंडांना आणि औषधांना ते चालणारं नव्हतं. मग लिंबू, लसूण, मिरपूड, व्हिनेगर, भाजलेला कांदा. मी हात टेकले नाहीत, एवढं मात्र म्हणेन.

बाबा खायचे आणि बोलायचे. आज गवत कुठल्या कुरणातलं आहे? हा बटाटा आहे होय, मला वाटलं साबण. लिंबू पिळलंस ते बरं केलंस, निदान डोळ्यांत पाणी तरी येतं. भिंगरी खदखदून हसायची, म्हणून ते आणखी बोलायचे. जन्मभर खाल्ल्या मिठाला जागलो, एकदा म्हणाले, आता मीठच मला जागवत बसलंय.

सकाळचं वजन हा भिंगरीचा मान होता. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, रोज उठल्यावर काट्यावर उभं राहायचं. एक-दोन दिवसांत आकडा झपाट्यानं चढला तर ते जेवण नव्हे, पाणी, लगेच फोन करा. बाबा काट्यावर उभे राहिले की ही जमिनीवर पालथी पडून आकडा वाचायची आणि स्टेशनवर सांगतात तशा सुरात जाहीर करायची. मग आजोबांच्या नडगीवर स्वतःचा अंगठा दाबून खळगा राहतो का ते पाहायची. हळूहळू खळगा राहीनासा झाला. चपला नीट बसू लागल्या. डॉक्टरबाई खूश झाल्या. जिभेचं काय, मी विचारलं, त्यांना काही गोड लागत नाही. जीभ शिकते, त्या म्हणाल्या, काही आठवडे धीर धरा, कमी मिठातही चव लागायला लागते. सगळ्यांचीच शिकते.

त्यानंतर मावशी आली. सख्खी नव्हे, जुन्या गल्लीतली शेजारीण, आईची जिवाभावाची. तिचा नवराही भट्टीवर होता. संत्री घेऊन आली. बाबांशी गुडघेदुखी आणि पेन्शन असं सगळं बोलून झालं, ते आडवे झाले, तेव्हा ती माझ्यामागे स्वयंपाकघरात आली आणि पातेल्यातला रस्सा वाटीत घेऊन उभ्या उभ्या चाखला.

"अगं, हा तर माझ्या हातचा झाला," ती म्हणाली.

मी हसले. मावशीच्या घरचं आम्ही मुलं कधी खायचो नाही, अळणी असतं म्हणून. त्या दिवशी कळलं, ती दोन भांडी करायची. नवऱ्याचं भट्टीच्या चिमटीचं आणि स्वतःचं वेगळं. तिला लहानपणापासून खारट सोसायचंच नाही. गल्लीत तिला त्यावरून बोलणी बसायची, नवरा म्हणायचा, राणीसाहेबांचा शाही स्वयंपाक वेगळा. आई तिला एकदा म्हणाली होती, मला बाई नाही जमायचं. एका घरात दोन चवी कशाला? तो जे खाईल ते मी खाईन. दिवसभर तिथे भाजून येतो बिचारा, निदान ताटात तरी एकटा नको.

वाटी विसळता विसळता मावशी थांबली.

"आपल्या गल्लीत बायकाच आधी गेल्या, पाहिलंस का? कोपऱ्यावरच्या उंच वहिनी. पत्र्याच्या घरातली काकू. तुझी आई. पुरुष अजून बसलेत बाकावर खोकत."

मी नळ बंद केला.

"त्यांचा घाम तरी निघून जायचा गं," ती म्हणाली. "आपण कुठे घाम गाळायचो तेवढा."

मी दाराकडे पाहिलं. बाबांच्या खोलीतून घोरण्याचा आवाज येत होता. तो थांबला की काय म्हणून मी कान देऊन ऐकत राहिले. पुन्हा सुरू झाला, तेव्हा श्वास सोडला.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरबाईंना आडून आडून विचारलं. एकट्या मिठानंच असं झालं असं छातीठोक सांगता येत नाही, त्या म्हणाल्या, वय असतं, घराण्यात असतं, पुष्कळ काही असतं. पण इतकं मीठ इतकी वर्षं, आणि रक्तदाब कधी मोजलेलाच नाही... त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मीही करायला सांगितलं नाही.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो हातातला स्क्रू फिरवत म्हणाला, बाबांना सांगून टाक. एका वाक्यात काम होईल. पुन्हा जन्मात मिठाला हात लावायचे नाहीत.

ते खरंच होतं. बरणी लपवायला नको, फळ्या शोधायला नकोत. बाबा, तुमच्यासाठी घातलेलं मीठ आईनं खाल्लं. एवढं म्हटलं की झालं.

"आणि त्या वाक्यानंतर जे उरतील, ते बाबा असतील का?" मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तो, येताना बरणी ठेवायला कुलपाचं कपाट आणू का, विचारत होता. मी नको म्हटलं. आईची बरणी कुलपात कशी ठेवायची?

त्या दुपारच्या टिण् नंतर मी बरणी परत फळीवर ठेवली नाही. मिठाचा पुडा शेजारणीकडे ठेवला, बरणीत भिंगरीची बटणं भरली. स्वयंपाकाचं नेमलेलं मीठ माझ्या दुकानाच्या पिशवीत असायचं, औषधासारखं. बाबांनी बटणं पाहिली. त्या दिवसापासून त्यांची थट्टा बंद झाली.

थट्टा बंद झाली आणि जेवणही. भांडले नाहीत, रुसले नाहीत. दोन घास घ्यायचे आणि म्हणायचे, पोट भरलं. भिंगरीच्या ताटलीत आपला बटाटा सरकवायचे. सकाळी आकडा उतरू लागला, आणि ती बिचारी तो विजयाच्या सुरात जाहीर करायची. पण आता उतरत होतं ते पाणी नव्हतं. सदऱ्याची बाही त्यांच्या दंडावर झेंड्यासारखी हलायला लागली होती. नळी फिरवणारे दंड होते ते. मला एका हातावर बसवून गल्लीभर फिरवायचे. डॉक्टरबाई म्हणाल्या, हेही चालणार नाही, खायला हवं, ताकद हवी. जबरदस्ती करू नका, पण खातील असं काहीतरी बघा.

एका संध्याकाळी मी त्यांची नखं कापत होते. खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "एकदा करशील?"

काय, ते मी विचारलं नाही.

"वाटीभर. तिच्यासारखा. मग तू म्हणशील ते खाईन. गवत म्हण, साबण म्हण."

"आई नाहीये, बाबा."

"ती नाही, ते ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "कृती तर आहे ना? कृती काय मरते?"

नखं कापून झाली तरी मी त्यांचा हात धरून बसले होते. तळव्यावर नळीचे जुने घट्टे, अजून कडक. मला कळत होतं की त्यांना मीठ नको होतं. त्यांना भर दुपारी कामावरून येऊन, दारातच चपला सोडून, एक घास घ्यायचा होता आणि समोर ती बसलेली हवी होती. मला कळत होतं, कारण मलाही तेच हवं होतं. ती गेल्यावर तिच्या साड्या वाटल्या, पलंग दिला. तिचा वास कपाटातून कधी गेला ते कळलंसुद्धा नाही. चव मात्र मी मनात जपून ठेवली होती. वाटायचं, ती माझ्या हातात आहे, बटाटा, लसूण, कांदा आणि दोन चिमटी. हवी तेव्हा झाकण उघडेन आणि ती असेल.

डॉक्टरबाईंना फोन केला. एक चमचाभर चव बघायला हरकत नाही, त्या म्हणाल्या, पण वाटीभर नको. एका घासानं नाही, सवयीनं बिघडतं. आणि ती सवय परत लागणार नाही याची जबाबदारी तुमची.

रविवारी नवऱ्याला कुठल्याशा इमारतीतून बोलावणं आलं, लिफ्टमध्ये वरात अडकावी तशी माणसं अडकली होती म्हणे. घरात आम्ही तिघंच. मी शेजारणीकडून पुडा आणला, बटणं काढून बरणी धुतली, पुसली आणि मीठ भरलं. उन्हात ती हिरवी दिसत होती. भिंगरीला बटणं एका वाटीत दिली, तर तिला बरणीच हवी होती. तिला सांगितलं, आज ही आजीची आहे.

आई करायची तसंच केलं. लसूण चिरायचा नाही, ठेचायचा. कांदा कडा तपकिरी होईपर्यंत. बटाट्याच्या फोडी ओबडधोबड, म्हणजे कडा विरघळून रस्सा दाट होतो. शेजारी लहान पातेल्यात आमचं नेहमीचं होतं, कमी मिठाचं, कारण जेवायचं तेच होतं. उकळी आली. मी झाकण उघडलं. घराची चिमूट घातली, झाकण ठेवलं. टिण्. पुन्हा उघडलं. भट्टीची घातली. टिण्. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबा उठून बसले होते.

आधी मी चाखलं. ओट्याला पाठ टेकून, डोळे मिटून, चमचा तोंडात धरून उभी राहिले.

खारट. नुसतं खारट. बटाटा कुठे गेला, लसूण कुठे गेला, काही लागेना. घसा चरचरला. मी चिमूट चुकले असेन म्हणून आठवून पाहिलं. नव्हते चुकले. उलट माझी बोटं आईपेक्षा बारीक, कमीच पडलं असेल. अजून एक चमचा घेतला. थोडा वेळ तोंडात घोळवला, की कुठेतरी खाली, मिठाच्या मागे ती असेल. नव्हती. सगळ्यांचीच जीभ शिकते, हे डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. जीभ शिकली म्हणजे जुनं पुसतं, हे मला कळायला हवं होतं. कधीतरी आठवड्याच्या मधल्या वारी, दुकानात लोकांच्या काचा पुसत असताना, माझ्या नकळत माझी जीभ आईला विसरली होती.

ओतून द्यावं असं वाटलं. पाणी घालून वाढवावं असंही वाटलं. पण भिंगरी दारात येऊन म्हणाली, आजोबांनी हात धुतलेत, त्यांनी केससुद्धा विंचरलेत.

मी मोठ्या ताटल्यांत आमचं वाढलं आणि बाबांपुढे, बाजूला, सगळ्यात छोट्या वाटीत चमचाभर ते ठेवलं. वाटीकडे पाहून ते हसले. खूप दिवसांनी हसले. म्हणाले, एवढंसं? चिमणीला घालतेस काय?

मग चमचा उचलला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी डोळे मिटले, मी मिटले होते तसेच. गाल आत गेले. कपाळावर एक आठी आली, तशीच राहिली. घास गिळायला त्यांना वेळ लागला. डोळे उघडले तेव्हा ते समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते.

"जास्त पडलं का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. आई घालायची तेवढंच."

"एवढं?"

"एवढंच."

त्यांनी चमचा वाटीत ठेवला. वाटी हळूच लांब सरकवली, रागानं नाही, एखादी पाहुणी चुकून आपल्या दारात आली तर तिला शेजारचं घर दाखवावं तशी. आणि समोरची ताटली ओढून आमच्या नेहमीच्या रश्शातला बटाटा चमच्यानं फोडला. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. मी खाली मान घातली, कारण माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि त्या कशाच्या, हे मलाही सांगता आलं नसतं. ते जेवत होते. आम्ही दोघांनी मिळून तिला हरवलं होतं आणि ते जेवत होते.

भिंगरीनं तेवढ्यात वाटीत बोट बुडवून चाटलं आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"शी. आजोबा, हे तुम्ही रोज खायचात?"

"रोज," बाबा म्हणाले. मग त्यांना तिची कीव आली असावी, कारण ते तिला सांगू लागले. भट्टी केवढी होती, तिच्या तोंडाशी उभं राहिलं की भुवया कशा करपायच्या, पिंप, साखळीचा डाव, सदऱ्यावरच्या घामाच्या रेघा. आजी त्या रेघा बघून म्हणायची, आज बरंच लिहून आलात पाठीवर. आणि ती चिमूट. "एक घराची, एक भट्टीची. भट्टी माणसाचं मीठ पिते, पोरी. ते ताटातून परत द्यायला लागतं. नाहीतर माणूस पडतो."

"आजीपण भट्टीवर जायची?"

"छे गं. ती घरीच. मी यायचो तेव्हा ताटं मांडून बसलेली असायची. मी पहिला घास घेतल्याशिवाय घ्यायची नाही."

"मग ती काय खायची?"

"हेच की. मी खायचो तेच."

भिंगरी विचार करू लागली. विचार करताना ती चमचा चोखते. बाबांचा पुढचा घास अर्ध्यावर होता. मी पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला, पी म्हटलं, बटणं आण म्हटलं, बघू तुझी लाल बटणं किती आहेत. तिनं ऐकलंच नाही. चमचा तोंडातून काढला आणि बाबांना न विचारता मला विचारलं.

"आई, आजीला तर घामच यायचा नाही ना. मग ती भट्टीची चिमूट का खायची?"